हलक्या हाताच्या ताई

दाताच्या दवाखान्यात कोणी हसत शिरत नाही. या दवाखान्यात लोक निदान रडत तरी शिरत नसत, आणि त्याचं सगळं श्रेय ताईंना जायचं. चपलांच्या दुकानावरचा पहिला मजला, काचेचं दार, दारावर मोत्यासारख्या दातांचं एक हसू चिकटवलेलं, आणि आत दोन खुर्च्या. एका खुर्चीवर डॉक्टर दात काढायचे, दुसरीवर ताई दात वाचवायच्या. निदान ताईंची तरी तशी समजूत होती.

ताईंचं काम हिरडीखालच्या सफाईचं. हिरडी आजारी पडली की दातापासून सुटते आणि मध्ये खोल फट तयार होते. दवाखान्यात तिला खिसा म्हणत. या खिशात, दाताच्या मुळावर, कीटण बसत जातं आणि बसून बसून दगडासारखं घट्ट होतं. ते बारीक आकड्यासारख्या हत्याराने खरवडून काढायचं. अडचण एवढीच की खिशात आत काय आहे ते दिसत नाही. एक्स-रे काढला तर तो दाताच्या दोन बाजूंचं थोडंफार सांगतो, पुढच्या-मागच्या बाजूंबद्दल मूग गिळून बसतो. म्हणजे कपाट अंधारात आवरायचं आणि आवरलं म्हणून सांगायचं, असला हा उद्योग.

ताईंनी बावीस वर्षं ही कपाटं अंधारात आवरली. डोळे अर्धे मिटायचे, मान डावीकडे कलती करायची आणि सुईच्या टोकाने मुळावरून चाचपत जायचं. खडबडीत लागलं की खरवडायचं. खरवडून झालं की पुन्हा सुई फिरवायची, आणि सुई कुठेही न अडता घसरली की मोठ्याने म्हणायचं, "गुळगुळीत!" पलीकडच्या खुर्चीवरचे डॉक्टर मान न वळवता म्हणायचे, "छान," आणि पेशंटच्या कागदावर तसं लिहिलं जायचं. सांगणारीने पाहिलेलं नाही, लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही, आणि ज्याचा दात होता तो तर छताकडे पाहत पडलेला. इतका विश्वास हल्ली नवरा-बायकोतही सापडत नाही.

त्यातून ताईंचा हात हलका. इतका हलका, की एक निवृत्त न्यायाधीश खुर्चीत चक्क घोरायचे. भूल नको म्हणणारे पेशंट लांबून लांबून यायचे आणि विचारायचे, "त्या हलक्या हाताच्या ताई आहेत ना आज?" नाव पडलं ते पडलंच. स्वतः ताई हे ऐकून "काहीतरीच!" म्हणायच्या आणि पुढचा पाव तास हात आणखी हलका करायच्या.

आता इतकं गुळगुळीत करूनही काही पेशंटच्या हिरड्यांतून रक्त यायचं थांबत नसे. त्यावर दवाखान्यात एक सोपा नियम होता. सफाई झाली आहे, तरी हिरडी बरी नाही, म्हणजे पेशंट घरी ब्रश करत नाही. पेशंटही बिचारे ऐकून घ्यायचे. कधीतरी एखाद्या रात्री ब्रश न करता झोपल्याचं पाप प्रत्येकाच्या पदरी असतंच. त्यामुळे नियम कधी खोटा ठरला नाही.

हाच नियम ताई संध्याकाळी पर्समध्ये घालून घरी घेऊन गेल्या, आणि तिथून प्रकरण बिघडलं.

घरी ताई, त्यांचे यजमान आणि सासूबाई अशी तीन माणसं. एकुलती एक लेक शिकायला परगावी गेली होती. ती जेवली का, झोपली का, दार आतून लावलं का, हे विचारायला दिवसातून चारच फोन करता येतात, पाचव्याला ती उचलत नाही. उरलेली सगळी काळजी घरातच कुठेतरी खर्ची घालावी लागते. ती सासूबाईंच्या दातांवर पडली. ताईंची काळजी अशी होती, की जिची काळजी केली जाई तिला आपण जामिनावर सुटलो आहोत असं वाटावं.

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. खालचे पुढचे चार दात हलत होते, हिरडीतून रक्त यायचं. दर तीन महिन्यांनी ताई त्यांना खुर्चीवर घ्यायच्या, मन लावून सफाई करायच्या, "गुळगुळीत!" म्हणायच्या. दर तीन महिन्यांनी रक्त हजर. अशी सहा वर्षं.

"आई, रात्री ब्रश करताय ना?"

"करते गं."

"दोन मिनिटं?"

"दोन मिनिटं."

"मग रक्त का येतंय?"

"ते तू सांग. शिकलेली तू आहेस."

ताईंनी बेसिनवर वाळूचं छोटं घड्याळ आणून ठेवलं. न्हाणीघराच्या दारावर तक्ता लावला, त्यात सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळ खूण करायची. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या घेतल्या, ती दाराआडच्या तक्त्यावर निमूट स्वतःची हजेरी लावू लागली. ताई तेवढ्यावर थांबल्या असत्या तर प्रश्न नव्हता. पण त्या ब्रशचे केस बोटाने दाबून ओले आहेत का तेही पाहू लागल्या. आणि ओले असले तर? तर नुसता नळाखाली धरला असेल.

मग एका रविवारी नणंद आणि नणंदेचे यजमान जेवायला आले होते. सासूबाई घास एका बाजूने चावत होत्या. नणंदेने विचारलं, "आईचे दात अजून तसेच का गं, वहिनी? तुझ्याच हातात आहेत ना?"

हा प्रश्न ताईंना झोंबला. "माझ्या हातात सफाई आहे. ब्रश त्यांच्या हातात आहे. त्या करत नाहीत, आणि केला म्हणून सांगतात."

यजमानांनी ताबडतोब पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. घरात काही बिनसलं की त्यांना हमखास तहान लागायची. सासूबाईंनी घास गिळला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "मी खोटं बोलते, असं म्हणायचंय तुला?" त्या दिवसापासून सासूबाईंनी दातांचा विषय बंद केला. तक्त्यावरच्या खुणा मात्र चुकल्या नाहीत.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी चारही दात बोटाने हलवून पाहिले. "हे आता राहत नाहीत, ताई. पुढच्या महिन्यात काढून टाकू. कवळी बसवू छोटीशी."

सासूबाई खुर्चीत उठून बसल्या. त्यांची एक जुनी सहकारी होती, तिची नजर गेली होती. तिला रोज सकाळी फोनवर अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवायचं हा सासूबाईंचा नेम. "पुढचे दात गेले तर माझा 'त' कसा निघेल? 'स' कसा निघेल?" त्यांनी विचारलं.

"सवय होते हो," डॉक्टर म्हणाले. स्वतःचे बत्तीस शाबूत असले की दुसऱ्याच्या सवयीबद्दल फार खात्रीने बोलता येतं.

घरी येताना सासूबाई बसच्या खिडकीतून बाहेर पाहत हलक्या आवाजात 'स, त, थ' म्हणत होत्या. ताईंना ऐकू येत होतं. त्यांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की त्यांना राग यायचा, तसा तो आलाही. इतकी दातांची हौस आहे तर ब्रश का करत नाहीत?

त्याच आठवड्यात एका कंपनीचा विक्रेता दवाखान्यात आला. टाय, चकचकीत बूट आणि काखेत पेटी. पेटीत हिरडीची दुर्बीण. खराट्याच्या काडीहूनही बारीक कॅमेरा, तो हिरडीच्या खिशात शिरतो, सोबत पाण्याची बारीक धार सोडत जातो, आणि आतलं सगळं चाळीस पट मोठं करून पडद्यावर दाखवतो.

"मॅडम, आता अंधारात चाचपडायचं काम संपलं," विक्रेता म्हणाला.

"आम्ही चाचपडत नाही," ताई म्हणाल्या. "आम्हाला कळतं."

"हो हो, अर्थातच. पण दिसलं तर बरंच ना?"

डॉक्टरांना यंत्र आवडलं. यंत्र आवडायला त्यांना ते समजावं लागत नसे, पडदा असला की पुरे. एक आठवडा वापरून पाहायला मिळणार होतं. प्रश्न होता तोंड कोणाचं घ्यायचं. बाहेरच्या पेशंटवर शिकलो असं व्हायला नको. "घरचंच कोणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

ताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "आहेत ना. आमच्या आई."

यात सासूबाईंचे दात वाचवायची इच्छा नव्हती असं नाही. होती. पण तिच्या मांडीला मांडी लावून दुसरीही एक इच्छा बसली होती. न घासलेल्या दातावर मऊ, पांढरट थर साचतो. तो चाळीस पट मोठा होऊन पडद्यावर दिसणार होता. विक्रेत्याने सांगितलं होतं की यंत्रातून फोटोही निघतो. एक प्रत नणंदेला पाठवता आली असती.

ठरल्या दिवशी सासूबाई खुर्चीवर आडव्या झाल्या. डॉक्टरांनी भूल दिली. डाव्या हातात कॅमेरा, उजव्या हातात हत्यार, म्हणजे थुंकी ओढायची नळी धरायला ताईंना तिसरा हात नव्हता. तो डॉक्टरांना व्हावं लागलं. बावीस वर्षांत प्रथमच डॉक्टर ताईंच्या हाताखाली काम करत होते, आणि नळी सारखी भलतीकडे धरत होते.

"डॉक्टर, जीभ ओढली जातेय. थोडं अलीकडे."

"सॉरी, ताई."

कॅमेरा आधी हिरडीच्या कडेवर आला. पडद्यावर दात भिंतीएवढा दिसू लागला. ताईंनी पांढरा थर शोधला. उजवीकडून शोधला, डावीकडून शोधला, दोन दातांच्या मधल्या बोळात शिरून शोधला. थर नव्हता. घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखे चारही दात लख्ख होते.

"वा! काय ब्रश करतात या!" विक्रेता म्हणाला. "आम्ही डेमोला असे दात दाखवतो, मॅडम."

ताईंनी घाईने कॅमेरा खाली, खिशात सरकवला. आत लालसर भिंत, पाण्याची धार, आणि मुळावर तपकिरी-काळसर, चकचकणारा एक पट्टा. ताईंनी सुई त्यावर फिरवली. हाताला काहीच लागलं नाही. सुई सुळकन घसरली.

"हे मूळच आहे," ताई म्हणाल्या. "बघा, गुळगुळीत आहे."

"नाही मॅडम, मूळ ते वरचं, फिकट पिवळं. हा दगड आहे," विक्रेता उत्साहाने म्हणाला. त्याला पाठ केलेलं कोणी विचारलं की आनंद व्हायचा. "असा चकचकीत दगड आम्हाला ट्रेनिंगमध्ये मुद्दाम दाखवतात. हत्याराची धार गेलेली असली किंवा हात फार हलका पडला, की दगड निघत नाही, वरचा वर घासला जातो. घासून घासून पॉलिश होतो. मग सुईला वाटतं साफ झालं. त्या बारीक समांतर रेघा दिसतात ना? ते हत्याराचे फटकारे. कोणीतरी अगदी नियमित, वर्षानुवर्षं पॉलिश केलंय हो हे!"

डॉक्टर खोकले. नळीने सासूबाईंचा गाल ओढून धरला.

रेघा ताईंनी ओळखल्या होत्या. वरून खाली, डावीकडे जरा झुकलेल्या. मान कलती असली की हात तसाच जातो. सहा वर्षं, दर तीन महिन्यांनी, त्यांनी स्वतःच्या हाताने सासूबाईंच्या दातांवरचा दगड चमकवून ठेवला होता.

"आँ... आ... आँ?" सासूबाईंनी उघड्या तोंडाने विचारलं. काय दिसतंय, असा त्याचा अर्थ कोणालाही कळला असता.

"काही नाही हो आई," डॉक्टर पटकन म्हणाले. "वयोमानाने होतं असं. तुमच्या दातांची ठेवणच तशी आहे."

पळायला दार उघडून ठेवलं होतं. ताई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून कोरं, धारदार हत्यार काढलं आणि कामाला लागल्या.

काम सोपं नव्हतं. बावीस वर्षं डोळे मिटून चाललेल्या हाताला आता डोळ्यांचं ऐकायचं होतं. तोंडाकडे पाहायचं नाही, समोर पडद्याकडे पाहायचं. हात वर न्यावा तर पडद्यावर भलतीकडे जायचा. नवशिक्या बाईने पहिल्यांदा गाडी मागे घ्यावी तशा ताई अर्धा तास नुसत्या आदळत-आपटत राहिल्या. मग हत्याराची धार दगडाच्या कडेखाली बसली आणि त्यांनी जोर लावला. खुर्चीच्या हातावर सासूबाईंची मूठ आवळली. टिक असा आवाज झाला आणि पडद्यावरून एक काळी ढलपी पाण्याबरोबर वाहून गेली. तिच्याखाली फिकट पिवळं मूळ निघालं.

चार दातांना दीड तास लागला. एरवी ताई त्या दीड तासात तीन पेशंट पॉलिश करून घरी पाठवत.

शेवटी डॉक्टरांनी पुन्हा दात हलवून पाहिले. एक अगदीच लोंबत होता, तो त्याच दिवशी काढला. उरलेले तीन त्यांनी मागून बारीक तारेने एकमेकांना बांधले. "आठ आठवडे थांबू. बघू काय म्हणतात."

आठ आठवडे ताई रोज सकाळी ठरवायच्या, आज सांगू. सकाळी सासूबाईंचा वर्तमानपत्राचा फोन चालू असायचा, मध्ये कसं बोलायचं? दुपारी दवाखाना. संध्याकाळी यजमान घरी, त्यांच्यासमोर कशाला? रविवारी डोकं दुखायचं. माणसाला खरं बोलायला सोयीची वेळ शोधायची असली की आठवड्याचे सात दिवस कमी पडतात.

आठ आठवड्यांनी हिरडी मोजली. जिथे सुई सात मिलिमीटर आत जायची तिथे आता तीन-चारवर थांबत होती. रक्ताचा थेंब नाही. तिन्ही दात घट्ट. डॉक्टर इतके खूश झाले की यंत्र विकत घेऊन मोकळे झाले, आणि काचेच्या दारावर लावायला फलक सांगून आले: 'हिरडीच्या आत पाहणारा एकमेव दवाखाना'. आतापर्यंत आपण हिरडीच्या बाहेर काय करत होतो, हे फलकावर लिहायची काही गरज नव्हती.

ताईंना आनंद आवरेना. त्यांनी यजमानांना फोन केला. यजमानांनी बहिणीला केला. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, यजमानांनी स्पीकर चालू करून मोबाइल टेबलावर ठेवला.

"वहिनी, मानलं बाई तुला!" नणंद म्हणाली. "तुझ्या धाकाने आई शेवटी ब्रश करायला लागली म्हणायची. सहा वर्षं खोटं बोलत होती, पण तू सोडलं नाहीस!"

यजमान हसले. सासूबाई खिडकीजवळ पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी मात्र त्यांनी घातली, उघडली, पुन्हा घातली.

दात बरे झाले होते, आणि त्यामुळेच सासूबाई आता कायमच्या खोट्या ठरत होत्या. हे ताईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्या टेबलापाशी पुसायचं फडकं घेऊन उभ्या होत्या.

"आईंनी कधी खोटं सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

"काय गं?"

"आई रोज ब्रश करत होत्या. मला दिसलं ते, कॅमेऱ्यात. दगड माझ्याने निघाला नव्हता. सहा वर्षं. वरून घासत बसले, आणि साफ झालं म्हणून सांगत राहिले. त्यांचा एक दात गेला तो माझ्यामुळे."

यजमान पाण्याच्या ग्लासाकडे गेले. "अगं बाई," नणंद एवढंच म्हणाली. तिने फोन ठेवला.

सासूबाई सावकाश उठून टेबलाशी आल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्या टायवाल्याने सांगितलं तेव्हापासून. तोंड उघडं होतं माझं, कान बंद नव्हते."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"शाळेत कोणी काच फोडली की मी लगेच नाव घ्यायची नाही. कबूल करायला आठ दिवस द्यायची. तुला आठ आठवडे दिले. सून आहेस म्हणून." त्यांनी ताईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आणि ऐक. ज्या टेबलावर मला खोटं पाडलंस त्याच टेबलावर बोललीस, ते बरं केलंस. स्वयंपाकघरात येऊन कानात सांगितलं असतंस ना, तर मी ऐकूनच घेतलं नसतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता दाढांचं काय?"

"काय दाढांचं?"

"तिथेही तूच पॉलिश केलं असशील ना?"

केलं होतं. दाढांनाच काय, गावातल्या अर्ध्या तोंडांना केलं होतं, आणि त्या अर्ध्या गावाला ब्रशवरून सुनावलंही होतं. ताईंच्या डोळ्यांपुढून घोरणारे न्यायाधीशसुद्धा गेले. त्या रात्री त्यांनी लेकीला एकच फोन केला. लेकीला वाटलं आई आजारी आहे.

पुढच्या बुधवारी सासूबाई पुन्हा खुर्चीत होत्या. ताईंनी कॅमेरा हातात घेतला. डॉक्टर नळी घेऊन उभे राहिले. आता त्यांना ती बरी धरता येऊ लागली होती. ताई खुर्ची आडवी करणार तोच सासूबाईंनी हात वर केला.

"तो पडदा इकडे वळव."

"आई, पेशंटनी पाहायचं नसतं. भीती वाटते."

"मला वाटत नाही. वळव."

पडदा वळवला. सासूबाईंनी पर्समधून वाचायचा चष्मा काढून नाकावर चढवला, आणि परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या बाईंनी पोरांच्या खांद्यावरून पाहावं तशा त्या स्वतःच्या दाढेचं मूळ पाहू लागल्या. ताई खरवडत होत्या. ढलप्या निघत होत्या. एक तास झाला, मान अवघडली, ताईंनी सुई फिरवली, सुई घसरली. त्यांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि हातमोजा काढायला घेतला.

सासूबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं आणि पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे दाखवलं.

ताईंनी वाकून पाहिलं. मग हातमोजा परत चढवला. तिथे खरंच थोडं राहिलं होतं.